सगुणाच्या घरचं गाऱ्हाणं

“हां, घाल बघू,” बापूकाका म्हणाला, आणि देवळाच्या मंडपात बसलेली सगळी माणसं माझ्याकडे वळून बसली.

मी हात जोडले. समोर गाभारा, गाभाऱ्यात रवळनाथ. गाऱ्हाणं मला तोंडपाठ होतं. आमच्या घरातल्या पोराला ते पाळण्यापासूनच कानावर पडून पाठ होतं. मी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा…”

यावर मंडपातल्या लोकांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. कुणीही म्हटलं नाही. मागे कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. त्याच्या शेजाऱ्याला ते दाबता आलं नाही. मग मी थांबलो, आणि बापूकाका आपल्या टोपीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत बसला.

आमच्या बाजूला कोकणात कुठलंही मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. गावाच्या वतीनं एकानं उभं राहायचं, देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, मागायचं ते मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं होकार भरायचा. आमच्या गावात हा मान परबांच्या घराचा, म्हणजे आमचा. माझे बाबा, सगुण परब, हयात होते तोवर गाऱ्हाणं त्यांनी घातलं. मी तेरा वर्षांचा असताना पावसाळी तापाचं निमित्त होऊन ते गेले. त्यानंतर त्यांचा थोरला भाऊ बापूकाका उभा राहू लागला. पण आता बापूकाकाला धाप लागायची. दोन वाक्यांत तो घामाघूम व्हायचा. मी बाविशीत आलो होतो, घरातला पुढचा पुरुष मीच. कार्तिकातल्या जत्रेत गाऱ्हाणं कोण घालणार हे ठरवायला गाव जमला होता आणि मी वर सांगितले तसे दिवे लावून बसलो होतो.

तात्या घाडी गावातले सगळ्यांत जुने. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“लवू बाबा, राग मानू नको,” ते म्हणाले. “जत्रेक चार गावचे लोक येतत. गाऱ्हाणा भायल्या दीपमाळेपर्यंत ऐकूक जावक व्हया. तुझ्या ह्या आवाजान देवाक वाटात, परबांनी चेडू पाठवल्यानी.”

“मगे काय करूया म्हणतास?” बापूकाकानं विचारलं.

“जत्रेपर्यंत बघूया. नाय जमला तर मान खालच्या वाडीक देवया. दुसरा काय करतलंव?”

मान एकदा दुसऱ्या वाडीला गेला की परत येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 

माझा आवाज खरंच दहा वर्षांच्या चेडवाचा, म्हणजे मुलीचा होता. बाकी मी चांगला धडधाकट बाप्या होतो. मिशी होती, माडावर चढत होतो, भाताचं पोतं पाठीवर टाकून पाणंद चढत होतो. तोंड उघडलं की सगळा मामला बिघडायचा. एसटीत गर्दीतून तिकीट मागितलं की कंडक्टर न बघताच ‘ताई, पुढे सरका’ म्हणायचा, आणि मग बघितल्यावर त्याचं तोंड जे व्हायचं ते मला पाठ झालं होतं. म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. मानेनं हो, मानेनं नाही, आणि हातानं बाकी सगळं.

बापूकाकानं उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. ज्येष्ठमध झालं, मिरी आणि मध झाला, पोपटाचा उष्टा पेरू झाला. सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर नेऊन त्यानं मला ओरडायला लावलं. “पोटातसून काढ आवाज, पोटातसून,” तो सांगायचा आणि माझ्या पोटात बुक्की मारायचा. पोटातून काय निघायचं ते निघायचं, आवाज मात्र तोच.

आयेनं यातल्या कशातच कधी भाग घेतला नाही. मी बोलू लागलो की ती हातातलं काम करत ऐकायची, एवढंच. मला तिचं हे वागणं कळायचं, किंवा कळतं असं वाटायचं.

शेवटी बापूकाका मला कुडाळला घेऊन गेला. तिथे नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या, तेंडोलकर नावाच्या. मुंबईला शिकून परत आलेल्या. काकाची खात्री होती की त्या गळा कापतील आणि आत काहीतरी अडकलंय ते काढतील. त्यासाठी त्यानं कमरेला पैसे बांधून आणले होते आणि देवाला कौलही लावून आला होता.

दवाखाना म्हणजे एका जुन्या घराची ओसरी आणि एक खोली. खोलीच्या दाराला पडदा. आम्ही बाकावर बसलो. उदबत्तीच्या धुरानं मला ठसका लागला आणि मी चांगला दोन-तीनदा खोकलो.

“ते आता खोकले ते गृहस्थ आत या,” पडद्याआडून बाई म्हणाल्या.

मी आत गेलो, नमस्कार केला. “बाई, मी लवू परब,” असं म्हणालो.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं, जणू बोलणारी कुणी वेगळीच उभी असेल. मग माझ्याकडे पाहिलं.

“पुन्हा खोक बघू.”

मी खोकलो.

“आता नाव सांग.”

“लवू सगुण परब.”

“खोकतो परब आणि बोलते परबांची मुलगी,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मला राग आला नाही. “बस. काका, तुम्हीही बसा. कापायचं वगैरे नंतर बघू.”

त्या कपाळावर दिवा बांधून माझा घसा बघणार, एवढ्यात वीज गेली. तेव्हा वीज जायची ती दुपारपर्यंत यायची नाही. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात कोवळं, स्वच्छ ऊन पडलं होतं.

“चला बाहेर,” त्या म्हणाल्या. “यापेक्षा चांगला दिवा माझ्याकडे नाहीच.”

तुळशीसमोर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, सूर्याकडे पाठ करून. घशात काहीतरी फवारलं. कडू होतं, आणि थोड्या वेळानं गळा आपला नसल्यासारखा सुन्न झाला. लांब दांड्याच्या टोकाला रुपयाएवढा गोल आरसा होता, तो त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरून कोमट केला. “थंड असला तर तुझ्या श्वासानं धुरकट होतो,” त्यांनी सांगितलं. स्वतःच्या मनगटाला लावून चटका बसत नाही ना हे पाहिलं. मग माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि तो आरसा पडजिभेच्या मागे नेऊन टेकवला.

“आता हा दुसरा आरसा तुझ्या हातात धर,” त्या म्हणाल्या. तो त्यांच्या घरातला, दाढीच्या आरशासारखा साधा आरसा होता. “असा जरा कलता. ऊन त्याच्यावरून तोंडात जाऊ दे. हां. आता त्याच्यात बघ. माझा छोटा आरसा दिसतो? त्या आरशात काय दिसतं?”

आधी नुसता लाल अंधार दिसला. हात जरा हलवला, ऊन आत शिरलं, आणि मला माझाच गळा दिसला.

इतकी वर्षं झाली, पण ते सांगायला बसलो की अजून अंगावर काटा येतो. ओल्या, गुलाबी मांसाच्या मधोमध दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या. शुभ्र, मोत्याच्या रंगाच्या. माझ्या बोटाच्या पेराएवढ्या लांब असतील नसतील. पुढच्या बाजूला त्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मागे फाकलेल्या. मधे काळोख, आणि त्या काळोखात खाली खाली जाणारी कडी, श्वासनळीची. मी श्वास घेतला की पट्ट्या दूर होत. सोडला की जवळ येत. मी काहीही करत नव्हतो. जन्मल्यापासून त्या तिथे अशाच हलत होत्या आणि मला त्यांचा पत्ताही नव्हता.

“आता ‘ई’ म्हण,” बाई म्हणाल्या.

जीभ त्यांच्या हातात. जसं जमेल तसं मी ‘ई’ म्हटलं. पट्ट्या झटकन एकमेकींना येऊन भिडल्या, मधला काळोख मिटला, आणि त्यांच्या कडा धूसर झाल्या. कानात माझा तोच बारीक आवाज ऐकू येत होता आणि डोळ्यांसमोर तो जिथे तयार होत होता ती जागा होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते फवाऱ्यानं आलं असं मी तेव्हा काकाला सांगितलं.

“कडा धूसर का दिसतात सांगू?” बाई म्हणाल्या. “त्या थरथरतायत. इतक्या भराभर की डोळ्याला पकडता येत नाही. बायकांच्या सेकंदाला दोनशेएक वेळा, पुरुषांच्या शंभरएक वेळा. लहानपणी माडाच्या पातीची पिपाणी केलीस ना? फुंकलं की पात फडफडते आणि आवाज निघतो. तसंच. खालून छातीतली हवा येते, या दोन पट्ट्यांना ढकलून उघडते, त्या पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. यांना स्वरतंतू म्हणतात. इथे निघतो तो नुसता कोरा नाद. त्याचे शब्द करायचं काम वर घसा, जीभ, ओठ करतात.”

बापूकाका एवढा वेळ बाजूला उभा होता. त्याला राहवलं नाही. “बाई, माका बघूक गावात?”

बाईंनी त्याला माझ्यामागे उभं केलं. तो वाकला, माझ्या खांद्यावरून आरशात बघू लागला. मी श्वास घेतला, सोडला, ‘ई’ म्हटलं.  मग काकानं पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि पुन्हा वाकून पाहू लागला.

“एवढ्याशा जाग्यातसून?” तो हळूच म्हणाला. “सगुणाचा गाऱ्हाणा पण एवढ्याशा जाग्यातसूनच येय होता?”

“सगळ्यांचं तिथूनच येतं, काका.”

बाईंनी आरसा काढला. मग त्यांनी माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं, कंठमण्यावर येऊन थांबल्या. “हा बघ, बाहेर आलेला कोपरा. हाडासारखा लागतो, पण हाड नाही, कूर्चा आहे. ढालीसारखी. तिच्या आत ते दोन्ही तंतू बांधलेत. मुलगा वयात आला की ही ढाल वाढते, तंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो. तुझी ढाल पूर्ण वाढलीय. तंतू चांगल्या जाडजूड पुरुषाचे आहेत. फक्त तू ते अजून पोरासारखे वर खेचून, ताणून धरतोस. आत काही अडकलेलं नाही. काढायचं काहीच नाही, काका.”

काकाचा हात कमरेच्या पैशांवर गेला आणि तिथून निघाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं की फसवल्यासारखं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या. त्यांनी एक हात माझ्या मानेमागे ठेवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कंठमण्यावर. “खांदे सैल सोड. मगाशी खोकलास तसा खोक. खोकला संपतो तिथून सरळ ‘आ’ लाव. घाबरू नकोस.”

मी खोकलो. बाईंनी अंगठा आत आणि खाली दाबला. आणि ‘आ’ आला.

तो माझा नव्हता. तो जाड, रुंद आवाज होता, छातीच्या फासळ्यांत घुमणारा. मी दचकून मागे पाहिलं. तिथे बाईंशिवाय कुणी नव्हतं. तुळशीपाशी बसलेलं मांजर उठून निघून गेलं होतं. बापूकाका भिंतीला टेकला होता आणि त्याच्या ओठांवर एकच शब्द होता, तो आवाज न करता पुन्हा पुन्हा म्हणत होता. सगुण, सगुण.

“बोल,” बाई म्हणाल्या. “नाव सांग.”

“लवू सगुण परब,” मी म्हणालो. अंगठा दाबलेलाच होता. मग त्यांनी तो हळूहळू सैल केला. “पुन्हा.”

“लवू सगुण परब.” आवाज राहिला. मी गळ्याला हात लावून पाहिलं. हातालाही थरथर लागत होती. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. माझ्याच गळ्यात इतकी वर्षं हा माणूस बसून होता.

बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “आता मला एक सांग. तेरा-चौदा वर्षांचा असताना हा आवाज कधी निघाला होता का? एखादा दिवस तरी?”

मी नव्या आवाजात बोलायला लागलो, मग घाबरून जुन्यात आलो, आणि त्या जुन्या आवाजातच सगळं सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

बाबांचं तेरावं होऊन गेलं होतं. पाहुणे निघून गेले होते. मी पडवीत पडलो होतो, घसा दोन दिवस खरखरत होता. मला तहान लागली आणि मी आत हाक मारली, “आये, पाणी हाड.” ती हाक माझ्या गळ्यातून जाड निघाली, मोठ्या माणसासारखी. आये स्वयंपाकघरातून धावत आली. हात भिजलेले तसेच. दारात येऊन तिनं आधी बाबांच्या बसायच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. इतकी रडली की मला काय करावं समजेना. बाबा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

“दुसऱ्या दिवसापासून तो आवाज आलाच नाही,” मी म्हणालो. “मी ठरवलं नव्हतं, बाई. आपोआपच झालं.”

बापूकाका अंगणाच्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभा होता. बाईंनी चष्मा काढून पुसला.

“मी गळ्याची डॉक्टर आहे, मनातलं मला फारसं कळत नाही,” त्या म्हणाल्या. “गळा चांगला आहे, एवढं मात्र सांगते. हा आवाज टिकवायचा तर रोज वापरायला हवा. घरीसुद्धा.”

घरीसुद्धा, हीच तर गोम होती.

मी आठवडाभर कुडाळात काकाच्या मेहुण्याकडे राहिलो. रोज सकाळी बाईंकडे जायचो. त्या मला ओठ मिटून गुणगुणायला लावायच्या, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायच्या, मी वर सरकलो की गळ्याकडे बोट दाखवायच्या. हळूहळू अंगठ्याची गरज संपली. स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये मी पहिल्यांदा चहा मागितला तेव्हा पोऱ्यानं न हसता चहा आणून ठेवला आणि ‘आणखी काय, दादा?’ विचारलं. मी आणखी तीन चहा प्यालो. त्या दिवशी माझी झोप उडाली, पण ते ‘दादा’ ऐकायचं सुख काही औरच होतं.

घरी आल्यावर मात्र उंबऱ्यातच माझा गळा वर चढला. आयेनं विचारलं, “काय म्हणाली डॉक्टरीण?” आणि मी बारीक आवाजात म्हणालो, “बरा होतला म्हणाली.” बापूकाकानं माझ्याकडे रागानं पाहिलं, पण मला उघडं पाडलं नाही. तिथून माझे दोन संसार सुरू झाले. आयेसमोर चेडू, आणि गोठ्यात म्हशीसमोर परब. म्हैस बिचारी कान टवकारून माझं गाऱ्हाणं ऐकायची आणि होकार म्हणून रवंथ करायची.

“जत्रेदिवशी काय करतलंस?” काकानं एकदा मला गाठून विचारलं. “मान जायत. आणि तुझी आवस तर समोरच आसतली.”

“तेचाच भय वाटता, काका. ती परत तशी बसली तर?”

 भावाच्या आवाजासाठी काका स्वतः झुरत होता, आणि वहिनीचं रडणं त्यालाही पाहवणार नव्हतं. तो नुसता माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

जत्रेच्या संध्याकाळी देवळाचं आवार भरून गेलं. दीपमाळ पेटलेली, चारी गावची माणसं, मागे बायकांचा घोळका. त्यात आये होती. तिचं पांढरं पातळ मला लांबूनही ओळखू आलं. खालच्या वाडीचा माणूस नवं धोतर नेसून तयारच होता. तात्या घाडींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. घाल, नाहीतर बाजूला हो, असा त्याचा अर्थ होता.

मी पुढे झालो. हात जोडले. डोळे मिटले तेव्हा मला देव दिसला नाही, ऊन पडलेल्या आरशातल्या त्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. त्या फाकल्या, छातीत हवा भरली, आणि त्या येऊन भिडल्या.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

 माझा आवाज दीपमाळेपर्यंत गेला, तिथून पुढे कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत गेला, आणि तिकडून परत आला. क्षणभर कुणालाच होकार सुचला नाही. मग तात्या घाडींचा थकलेला आवाज आला, “व्हय म्हाराजा,” आणि त्यामागोमाग सबंध जत्रेचा.

“आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे येवन जो काय नारळ ठेवलो हा, तो मानून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गावावर, वाडीवर, गुराढोरांवर, देशावर गेलेल्या झिलांवर तुझी नदर ऱ्हवांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हजार माणसांचा होकार अंगावर आला की पायाखालची जमीन हलते. मला तेव्हा दुसरं काही कळत नव्हतं, एवढंच वाटत होतं की हे सगळं बोटाच्या पेराएवढ्या दोन पट्ट्यांवर चाललंय, आणि त्या तुटत नाहीयेत. गाऱ्हाणं संपलं तेव्हा बापूकाका रडत होता. म्हातारी माणसं माझा चेहरा हातात धरून म्हणत होती, सगुण इलो, सगुणाचोच आवाज. तात्यांनी माझ्या हातात मानाचा नारळ दिला. मी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. पांढरं पातळ तिथे नव्हतं.

मी नारळ घेऊन घरी धावलो. आये पडवीत खांबाला टेकून बसली होती. दिवा लावलेला होता. मी अंगणातच थांबलो.

“आये,” मी म्हणालो. जुनाच आवाज निघाला.

“तसो नको,” ती म्हणाली. “देवळात बोललंस तसो बोल.”

मी नारळ छातीशी धरून उभा राहिलो. 

“लोक म्हणतत सगुणाचो आवाज,” आये म्हणाली. “तेंका काय कळता? तुझ्या बाबांचो आवाज वायलो, निराळो होतो. जरा नाकातसून येय, आणि शेवटाक चिरको. मी तेंच्यावांगडा पंधरा वर्सा काढलंय, माका ठावक नाय? हो तुझो आवाज आसा. तेंच्यापेक्षा बरो आसा.”

“मगे त्या दिवशी कित्याक रडलंस?” मी विचारलं. जाड आवाज आपोआप निघाला होता. “मी पाणी मागलंय त्या दिवशी. तुका वाटला बाबा इले.”

आये माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला उलगडा झाल्यासारखं दिसलं.

“तू ता तसा धरलंस होय,” ती म्हणाली. “अरे, माका काय असा वाटूक नाय. तुझ्या बाबांका केदो सोस होतो. लवूचो आवाज फुटांदे, मगे मी तेका देवळात माझ्या बाजूक उभो करतलंय, असा रोज म्हणत. त्या दिवशी तुझो आवाज फुटलो, आणि ऐकूक ते नव्हते. पंधरा दिवस आदी फुटलो आसतो तर ऐकान गेले आसते. म्हणान रडलंय.” तिनं पदर सावरला. “मगे तो आवाज गेलोच. माका वाटला, माझ्या रडण्यान अपशकुन झालो. म्हणान मी कधी त्या विषयात बोललंय नाय.”

तिनं तिचं एक धरलं होतं, मी माझं. नऊ वर्षं आम्ही दोघं एका घरात एकमेकांना जपत, त्या आवाजाचा विषय टाळत राहिलो होतो.

“हय बस,” आये म्हणाली. मग लगेच म्हणाली, “नको, बसू नको. उभो ऱ्हव. तेंका ऐकूक जावचा ऱ्हवलाहा. हय घराकडे एक गाऱ्हाणा घाल.”

मी मानाचा नारळ पडवीत बाबांच्या जागेवर ठेवला आणि हात जोडले. देवळात हजार माणसांसमोर कापला नव्हता तो आवाज इथे कापत होता, पण तो माझा होता.

“बा पूर्वजानू, बा सगुणा परबा, म्हाराजा,” मी म्हणालो. “तुझो झील लवू आज तुझ्या जाग्यार उभो ऱ्हवलोहा. उशीर झालो, पण इलोहा. तेचो आवाज ऐकान घे, म्हाराजा.”

 मग सबंध गावानं म्हणायचं ते आये एकटीच म्हणाली, बारीक पण स्वच्छ आवाजात.

“व्हय म्हाराजा.”